मेंदूला मार लागल्यावर देतात ती 'मेंदूची इंजेक्शनं': खरंच काही होतं का?

खामल्याचा मामा | रविवार, रात्री ११.५०

मंडळी, हॉस्पिटलच्या जिन्यात बसून मोबाईलवर टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझा भाचा, वय २४, बुटीबोरीला कंपनीत आहे. बुधवारी रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर वर्धा रोडने घरी येत होता. खापरीच्या अलीकडे रस्त्यात ढोरं बसलेली. ब्रेक मारला, गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने थांबून १०८ ला फोन केला. त्याचं नावही आम्हाला माहीत नाही.

सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात दोन्हीकडे मुका मार आणि एका बाजूला रक्ताचा पातळ थर. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले. आला तेव्हा शुद्धीचा स्कोर १५ पैकी ९ होता, पहाटे ७ झाला म्हणून व्हेंटिलेटर लावला. आज पाचवा दिवस. डोळे उघडत नाही, चिमटा घेतला तर हात झटकतो.

प्रश्न असा. रोज सकाळी सात वाजता सिस्टर एक चिठ्ठी हातात देतात. त्यात सिटिकोलिन, सेरेब्रोलायसिन, एडाराव्होन आणि आणखी एक 'न्यूरो'वालं इंजेक्शन. योजनेत बसत नाही, बाहेरून आणा. या चार गोष्टींचेच आतापर्यंत एकोणीस हजार झाले. डॉक्टरांना विचारलं तर "मेंदूला सपोर्ट आहे" एवढंच म्हणाले अन् पुढच्या खाटेकडे गेले. माणूस वाईट नाही, रात्री दोनलाही येऊन पाहून जातो. पण ताईने पाटल्या काढून ठेवल्या आहेत आणि त्या मोडायच्या आधी मला कोणीतरी मराठीत समजावून सांगा की या इंजेक्शनांनी नेमकं काय होऊन राहिलं आहे.

---

इतवारीकर | रविवार, रात्री ११.५८

मामा, धीर सोडू नका. पोट्टा जवान आहे, निघून येईल. पैशाचं नंतर पाहता येते, आत्ता जे लिहून देतात ते आणून द्या. उद्या मनाला लागून राहते की तेवढं एक करायचं राहिलं.

---

भूलवैद्य | सोमवार, सकाळी ६.२०

मी भूलतज्ज्ञ. अतिदक्षता विभागात डोक्याचा मार बघण्यात सतरा वर्षं गेली. तुमच्या भाच्याला मी तपासलेलं नाही, तेव्हा त्याच्याबद्दल बोलणार नाही. औषधांबद्दल बोलतो.

डोकं आपटलं त्या क्षणी ज्या पेशी मेल्या त्या मेल्या. त्या कोणत्याच औषधाने परत येत नाहीत. भांडण आहे ते पुढच्या तासांचं आणि दिवसांचं. मार बसलेल्या पेशींतून ग्लुटामेट नावाचं रसायन भसाभसा बाहेर पडतं, शेजारच्या धडधाकट पेशींत कॅल्शियम घुसतं, त्याही आतून जळायला लागतात. सूज चढते. कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. मग आतला दाब वाढतो आणि मेंदूपर्यंत रक्तच चढेनासं होतं. याला आम्ही दुय्यम इजा म्हणतो. 'मेंदू वाचवणारं औषध' म्हणून जे जे शोधलं गेलं ते सगळं ही दुसरी आग विझवण्यासाठी.

उंदरांत जवळपास सगळी चालली. माणसांत जवळपास सगळी पडली.

सिटिकोलिनचंच घ्या. अमेरिकेत १,२१३ रुग्णांना रोज दोन ग्रॅम सिटिकोलिन किंवा तसंच दिसणारं बिनऔषधाचं काहीतरी, असं ९० दिवस दिलं. २०१२ साली निकाल आला: दोन्ही गट सारखेच. म्हणजे ज्यांनी औषध घेतलं ते न घेतलेल्यांपेक्षा अधिक बरे झाले नाहीत. मॅग्नेशियमची २००७ ची चाचणी, ४९९ रुग्ण, फायदा नाही. एरिथ्रोपोएटिन, २०१५, ६०६ रुग्ण, मेंदूच्या सुधारणेत फरक नाही.

सगळ्यात जास्त आशा होती प्रोजेस्टेरॉनवर. होय, तेच, बायकांचं संप्रेरक. मार बसलेल्या उंदरांत माद्या नरांपेक्षा चांगल्या सावरतात हे दिसल्यापासून डोनाल्ड स्टाइन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यात उभी हयात घातली. शंभर आणि दीडशे रुग्णांच्या दोन छोट्या चाचण्या झाल्या, निकाल इतके गोड की आम्ही परिषदांमध्ये टाळ्या वाजवल्या. मग ८८२ आणि १,१९५ रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्या. २०१४ च्या डिसेंबरात दोन्हींचे निकाल एकदमच छापून आले. शून्य. त्या दिवशी मी ड्युटीवर होतो आणि खरं सांगायचं तर चहा गोड लागला नाही.

ओपीडीला उशीर होतोय. संध्याकाळी लिहितो.

---

सीताबर्डीकर | सोमवार, सकाळी ९.०५

डॉक्टर, उंदराला चालतं ते माणसाला का नाही? मेंदू तर मेंदूच ना?

---

भूलवैद्य | सोमवार, सायंकाळी ७.४०

@सीताबर्डीकर, प्रयोगशाळेतले उंदीर सगळे एका वयाचे, एका वाणाचे, आधीपासून ठणठणीत. डोक्याच्या ठरलेल्या जागी ठरलेल्या जोराने मार आणि घड्याळ लावून थोड्याच वेळात इंजेक्शन. आमच्याकडे येतो तो कोण? कोणी बावीसचा, कोणी बहात्तरचा. कोणी प्यालेला, कोणाला मधुमेह. कोणाच्या मेंदूत रक्ताची गाठ, कोणाच्या नुसती सूज, कोणाचे आतले धागेच ताणून तुटलेले. सोबत फासळी मोडलेली, फुप्फुसात रक्त. त्यात पोचेपर्यंत दोन-तीन तास गेलेले. एकाच नावाखाली आम्ही दहा आजार मोजतो आणि एका किल्लीने दहा कुलपं उघडायला जातो.

आता मामांच्या चिठ्ठीतली बाकी दोन. सेरेब्रोलायसिन हे डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांपासून बनवतात, ऑस्ट्रियाची कंपनी. आपल्याकडे आणि आशियात बरंच वापरतात. अमेरिकेत त्याला मंजुरी नाही. छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण प्रोजेस्टेरॉनच्या छोट्या चाचण्यांतही दिसला होता, म्हणून मी त्यावर उडी मारत नाही. एडाराव्होनला जपानने २००१ मध्ये मान्यता दिली ती पक्षाघातासाठी, अमेरिकेने २०१७ मध्ये दिली ती स्नायू झिजण्याच्या एका वेगळ्याच आजारासाठी. डोक्याच्या मारासाठी नाही.

यांनी मोठं नुकसान होतं असं मी म्हणत नाही. पाटल्या मोडण्याइतका पुरावा नाही, एवढंच म्हणतो.

---

निवृत्त सिस्टर | सोमवार, रात्री ९.३०

मी सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं नोकरी करून सुटले. आमच्या काळी डोक्याचा पेशंट आला की कोणी सांगायची वाट पाहायची नाही, डेक्सा म्हणजे स्टेरॉइडचं इंजेक्शन भरून तयार. स्टेरॉइड दिलं नाही तर नातेवाईकच विचारायचे, "सिस्टर, सूज उतरायचं इंजेक्शन दिलं का जी?" अन् आम्हीही मनापासून द्यायचो.

मग एक दिवस साहेबांनी राउंडला सांगितलं, आजपासून हेड इंज्युरीला स्टेरॉइड बंद. का ते तेव्हा नीट कळलं नाही. मला वाटलं खर्च वाचवून राहिले.

दुसरी एक आठवण. मेंदूचा दाब उतरवायच्या मॅनिटॉलच्या बाटल्या. डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या रात्री थंड, स्टोअरमधून बाटली आणली की आत खडीसाखरेसारखे खडे जमलेले. तशी लावली तर सर्वनाश. मग पातेल्यात गरम पाणी करायचं, बाटली त्यात उभी ठेवायची, हलवायची, उजेडाकडे धरून पाहायची, एक खडा राहिला तरी पुन्हा पाण्यात. रात्री तीनला हे करताना पेशंटच्या डोळ्याची बाहुली मोठी झालेली असायची अन् बाटली काही निवळायची नाही. तो जीव खालीवर होणं अजून आठवते.

---

गणितमास्तर | सोमवार, रात्री १०.१५

सिस्टर, खर्च वाचवत नव्हते. ती 'क्रॅश' नावाची चाचणी, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी पहिल्याच आठवड्यात हेच उदाहरण घेतो.

ठरवलं होतं वीस हजार रुग्णांवर करायचं. १०,००८ झाले आणि देखरेख समितीने मध्येच थांबवली. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाल्या गटात २१.१ टक्के माणसं दगावली, बिनस्टेरॉइडच्या गटात १७.९ टक्के. साधा हिशेब करा: साधारण दर ३१ जणांना औषध दिलं की एक जास्तीचा मृत्यू. आता सिस्टर, तुमच्या वॉर्डात महिन्याला समजा वीस पेशंट. त्यात पाचाच्या जागी कधी चार जातील, कधी सहा. या चढउतारात तो एक जास्तीचा माणूस तुम्हालाच काय, कोणालाच दिसणार नाही, तेहतीस वर्षं रोज खाटेशेजारी उभं राहिलात तरी. तो दिसायला दहा हजार माणसं लागली. आणि तोवर जगभर किती वर्षं ते इंजेक्शन चाललं!

म्हणून 'अनुभव आहे' हा शब्द मला औषधाच्या बाबतीत थोडा घाबरवतो. राग मानू नका.

---

निवृत्त सिस्टर | सोमवार, रात्री १०.४०

राग कशाचा. पण झोप गेली आज माझी. किती भरली असतील या हाताने.

---

भूलवैद्य | सोमवार, रात्री ११.१०

सिस्टर, तेव्हा जगातल्या बहुतेक मोठ्या दवाखान्यांतले डॉक्टर हेच करत होते. मीही निवासी डॉक्टर असताना सही केली आहे. आणि त्या चाचणीतलं औषध मिथाइलप्रेडनिसोलोन होतं, तेही भल्या मोठ्या मात्रेत. पण डेक्साही त्याच घराण्यातलं, म्हणून सगळंच बंद झालं. तुम्ही त्या बाटल्या निवळून लावल्यात ना, त्याने वाचलेले नक्की असतील. मॅनिटॉल मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेतं, दाब उतरतो. आजही आणीबाणीत तेच किंवा तीव्र मिठाचं सलाइन.

---

धरमपेठी | मंगळवार, दुपारी १.२०

सगळं वाचलं. माफ करा, पण हे म्हणजे घरात बसून दुसऱ्याच्या पेशंटची औषधं बंद करण्याचा प्रकार झाला. माझ्या काकांचा अपघात झाला तेव्हा सेरेब्रोलायसिन दहा दिवस दिलं. अकराव्या दिवशी त्यांनी काकूला नावाने हाक मारली. आज स्वतः गाडी चालवत वरूडला संत्र्याच्या बागेत जातात. आता कोणी म्हणेल की ते औषधाने झालं नाही, तर मी मानणार नाही. आकडे तुमच्या घरी ठेवा.

---

गणितमास्तर | मंगळवार, दुपारी २.०५

काका बरे झाले याचा आनंदच आहे. पण एक विचारतो. सिटिकोलिनच्या त्या चाचणीत बिनऔषधाच्या गटातलेही कितीतरी लोक बरे झाले. त्यांच्यातल्या कोणी अकराव्या दिवशी बायकोला हाक मारलीच असेल. त्यांना काय दिलं होतं? काहीच नाही. मेंदू पुष्कळदा आपल्या गतीने सावरतो आणि त्या वेळी हातात जी बाटली असेल तिला श्रेय जातं. खरंच बाटलीमुळे झालं का, हे कळायला तसेच दुसरे काका, बाटलीविना, बाजूच्या खाटेवर हवेत.

---

धरमपेठी | मंगळवार, दुपारी २.३०

बाजूच्या खाटेवरचे गेले.

---

गणितमास्तर | मंगळवार, दुपारी २.३४

वाईट वाटलं. शब्द मागे घेत नाही, पण सुरात चुकलो.

---

औषधविक्या | मंगळवार, रात्री ८.५०

मी दुकान चालवतो, कुठे ते विचारू नका. दोन गोष्टी सांगतो ज्या काउंटरच्या आतूनच दिसतात.

एक. मामा, बिलं जपून ठेवा अन् सीलबंद वायल (इंजेक्शनच्या कुप्या) परत होतात का ते आजच विचारून घ्या. पेशंटची औषधं बदलली की आठ-दहा वायल कपाटात पडून राहतात, मग कोणी विचारत नाही. फ्रिजमधलं असेल तर परत घेत नाही, तो नियम बरोबरच आहे. सात दिवसांचं एकदम आणू नका, दिवसाचं दिवसाला आणा.

दोन. सगळ्या चिठ्ठ्या लबाडीच्या नसतात. नातेवाईक अतिदक्षता विभागाबाहेर बसलेला असतो, त्याला काहीतरी करायचं असते. डॉक्टरने "आता वाट पाहायची" म्हटलं की तोच माणूस माझ्या दुकानात येऊन म्हणतो, "तिथे काहीच करून नाही राहिले." त्यापेक्षा डॉक्टरला चार ओळी लिहिणं सोपं पडते. हे मी वीस वर्षं पाहून राहिलो. यात कमाई माझीही आहे, ते नाकारत नाही.

---

खामल्याचा मामा | मंगळवार, रात्री ११.३०

सगळ्यांचे आभार. धरमपेठी, तुमचाही राग नाही, पाच दिवसांपूर्वी मीही हेच बोललो असतो.

भाच्याने आज डावा डोळा उघडला. मी "विकी" म्हणून हाक मारली तर माझ्याकडे पाहिलं की पंख्याकडे, ते सांगता येत नाही.

डॉक्टर, मग काही चालतच नाही का? म्हणजे मारानंतर दिलं आणि फरक पडला असं एकही औषध नाही?

---

भूलवैद्य | बुधवार, सकाळी ६.०५

आहे. आणि ते इतकं साधं आहे की तुमच्या घरात कोणीतरी घेतलेलं असेल. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. पाळीत जास्त रक्त जातं म्हणून बायकांना ज्या गोळ्या देतात, तेच. रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. डोक्याच्या मारात सुरुवातीच्या तासांत आतला रक्तस्राव वाढत जातो, तो आटोक्यात ठेवायला.

'क्रॅश-३', २०१९. १२,७३७ रुग्ण, २९ देश, १७५ हॉस्पिटलं. एक ग्रॅम दहा मिनिटांत, मग एक ग्रॅम आठ तासांत. त्यातल्या ९,२०२ जणांवर मार लागल्यापासून तीन तासांच्या आत उपचार झाले. हे तीन तासांतले सगळे मिळून पाहिलं तर फरक बारीक: डोक्याच्या माराने मृत्यू १८.५ विरुद्ध १९.८ टक्के, हा योगायोगही असू शकतो. पण सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांत ५.८ विरुद्ध ७.५. ज्यांचा मार फारच तीव्र होता त्यांना उपयोग दिसला नाही. आणि सौम्य-मध्यम गटात जितका उशीर तितका फायदा कमी.

ढोल वाजवावा असंही नाही. २०२० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे हजार रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला, त्यात अँब्युलन्समध्येच हे दिलं होतं, सहा महिन्यांनी माणूस किती सावरला यात लक्षणीय फरक निघाला नाही. म्हणून काही मंडळी अजून हात राखून आहेत. मी देतो. स्वस्त आहे, आणि वेळेत दिलं तर त्रास जवळपास नाही.

एक अवांतर. हे औषध शोधलं जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी, १९६२ मध्ये छापलं. बाईंना ते बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी हवं होतं, पण तिथल्या डॉक्टरांनी त्यांना दाद दिली नाही. बाळंतिणींवरची मोठी चाचणी २०१७ मध्ये यशस्वी झाली. बाई २०१६ मध्येच गेल्या होत्या.

---

खामल्याचा मामा | बुधवार, दुपारी ३.४५

डॉक्टर, तुमचं वाचून मी फाइल मागितली. सिस्टरने झेरॉक्स काढू दिली. कॅज्युअल्टीचा पहिला कागद, वरच्या कोपऱ्यावर चहाचा डाग. त्यात एक ओळ आहे: "ट्रॅनेक्सा १ ग्रॅम, १२.२५". अपघात साधारण ११.२० चा.

म्हणजे त्याला ते तासाभरातच मिळालं होतं. आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. बिलातही शोधलं, सुया, ग्लोव्हज, सलाइनच्या गर्दीत एका ओळीत आहे. इकडे एकोणीस हजारांच्या वायल मी हातात घेऊन जिने चढत होतो, अन् ते...

---

भूलवैद्य | बुधवार, रात्री ९.१५

ज्याने १२.२५ ला ते लावलं त्याला चहा पाजा. तुमच्या भाच्याला त्याचा उपयोग झालाच असं मी म्हणू शकत नाही, एका माणसाच्या बाबतीत ते कधीच कळत नाही, हे गणितमास्तरांनी आधीच सांगितलं आहे.

पण कागद हातात आहे तर आणखी दोन ओळी बघा. पहिल्या तासांतलं बीपी आणि ऑक्सिजन. सांगतो का ते. १९९३ च्या एका अभ्यासात दिसलं की तीव्र मारात वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं तर मृत्यूचं प्रमाण दुप्पट. एकदा! आता मार्गदर्शक सूचनांत तुमच्या भाच्याच्या वयाला वरचं बीपी किमान ११० ठेवा म्हणतात. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अँब्युलन्सवाल्यांना फक्त तीन गोष्टी शिकवल्या: ऑक्सिजन कमी पडू देऊ नका, बीपी पडू देऊ नका, हाताने दाबायच्या फुग्याने फार भराभर श्वास देऊ नका. २०१९ मध्ये निकाल आला, वीस हजारांवर रुग्णांचा. तीव्र मार असलेल्यांत जगण्याची शक्यता सुमारे दुप्पट. कोणत्याही 'न्यूरो' इंजेक्शनने याच्या जवळपास जाणारं काही करून दाखवलेलं नाही. पण ऑक्सिजनच्या नळीची चिठ्ठी कोणी सकाळी सात वाजता हातात देत नाही, त्यामुळे ती दिसत नाही.

आकड्या (फिट) न येण्याचं औषध चालू असेल, तेही विचारा. पहिल्या आठवड्यातल्या आकड्या त्याने खरंच कमी होतात. १९९० ची चाचणी, फेनिटॉइन, ३.६ विरुद्ध १४.२ टक्के. पुढच्या महिन्यांतल्या आकड्या मात्र त्याने टळत नाहीत. म्हणून आकडी आलेलीच नसेल तर ते किती दिवस चालू ठेवायचं, हे डॉक्टरांना विचारायचं. मनाने बंद करायचं नाही, हे ठळक अक्षरात समजा.

---

महालातली मीनल | गुरुवार, सकाळी ११.००

ब्राह्मी, शंखपुष्पी, बदाम उगाळून? आजी सांगायची.

---

इतवारीकर | गुरुवार, सकाळी ११.१२

नाकात नळी आहे पोराच्या, बदाम कुठून घालता ताई.

---

सीताबर्डीकर | गुरुवार, दुपारी १२.४०

आणि बर्फ? सिनेमात दाखवतात, पेशंटला थंड करून मेंदू वाचवतात.

---

भूलवैद्य | गुरुवार, रात्री १०.३०

ते करून पाहिलं. युरोपातल्या चाचणीत, २०१५, थंड केलेल्यांचं उलट वाईट झालं. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या २०१८ च्या चाचणीत फरकच नाही. ताप मात्र चढू द्यायचा नाही. मे महिन्यात एसी बंद पडला की आमची खरी परीक्षा असते.

@मीनलताई, नळीतून काहीही घरचं देऊ नका. नळी तुंबते, आणि फुप्फुसात गेलं तर नवीन आजार.

---

खामल्याचा मामा | शनिवार, रात्री १०.०५

आज हिंमत करून डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. भांडायला नाही गेलो. म्हटलं, "साहेब, सोनं मोडायची वेळ आली आहे, यातलं कोणतं अगदीच लागतं ते सांगा." दोन मिनिटं चिठ्ठीकडे पाहिलं. मग पेनने चारातलं तीन खोडलं. म्हणाले, "सिटिकोलिन राहू द्या, बाकीचं नाही आणलं तरी चालेल." एवढंच. इतके दिवस तो पेन त्यांच्या खिशातच होता. रागवावं की पाया पडावं कळेना.

चार दिवसांपूर्वी हप्त्याचं एकदम आणून ठेवलं होतं, त्यातल्या अकरा वायल सीलबंद परत केल्या. औषधविक्या, तुमच्यामुळे. व्हेंटिलेटर काल निघाला. गळ्यात श्वासासाठी छिद्र आहे.

---

फिजिओ, प्रतापनगर | रविवार, सकाळी ८.१५

आता पुढचा भाग सुरू होतो, तो लांबचा आहे. एक औषध या टप्प्यासाठी माहीत असू द्या: अमँटाडीन. मूळचं फ्लूचं, मग पार्किन्सनला वापरलं. २०१२ च्या चाचणीत १८४ असे रुग्ण घेतले जे मारानंतर चार ते सोळा आठवडे झाले तरी पूर्ण शुद्धीवर नव्हते. काहींना चार आठवडे औषध दिलं, बाकीच्यांना बिनऔषधाचं; तोवर औषध घेणारे भराभर सुधारले. बंद केल्यावर वेग मंदावला आणि आणखी दोन आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास एका जागी. म्हणजे घोड्याला टाच मारल्यासारखं. सगळ्यांना चालत नाही, आकड्यांचा इतिहास असेल तर जपून. तुमच्या डॉक्टरांना नाव सांगा, ते ठरवतील.

बाकी रोज सकाळ-संध्याकाळ बोटं, मनगट, घोटा हलवत राहा. पाऊल खाली लोंबू देऊ नका, उशी लावा. दोन महिन्यांनी तो उभा राहायला लागेल तेव्हा आखडलेला घोटा सगळ्यात जास्त रडवतो.

---

खामल्याचा मामा | सात आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १२.२०

धागा वर काढतोय. विकी तीन आठवड्यांपासून घरी आहे. धरून चालतो. गळ्यातलं छिद्र भरलं. मला 'काका' म्हणतो, काकांना 'सर'. ताईला मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर ओळखतो. अमँटाडीन दिलं नाही, गरज नाही म्हणाले. पाटल्या घरात आहेत.

नवीन अडचण: दिवस-रात्र उलटं झालं आहे. दुपारभर झोपतो आणि रात्री एक वाजता उठून शर्ट चढवतो, "शिफ्ट आहे" म्हणतो आणि दाराकडे निघतो. अडवलं तर भडकतो. शेजारचा केमिस्ट झोपेची गोळी देतो म्हणाला. द्यावी का?

---

फिजिओ, प्रतापनगर | बुधवार, सकाळी ७.००

केमिस्टची नको. अशा काही गोळ्यांनी मेंदूचं सावरणं मंदावतं, आणि पडण्याची भीती वेगळीच. डॉक्टरांना सांगून जे देतील तेच. सकाळी सहाला उठवून गच्चीवर उन्हात बसवा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चार वाजता चालवा. पंधरा दिवस लागतील. रात्री वाद घालू नका. "आज सुट्टी आहे, सुपरवायझरचा फोन आला होता" म्हणा. चपला नजरेआड ठेवा, पण लपवल्या असं त्याला कळू देऊ नका.

---

खामल्याचा मामा | गुरुवार, पहाटे ५.४०

चपला माळ्यावर टाकल्या. रात्री ताईच्या घालून निघाला होता.